संगणकाच्या मुलखातील सावड

शेतकऱ्यांच्या जुन्या व्यवहारात सावड नावाची एक चांगली चाल आहे. आज चार घरांनी मिळून एकाचे शेत उरकावयाचे, उद्या त्याच चार घरांनी दुसऱ्याच्या शेतात उतरावयाचे. यात पैशाचा हिशेब नसतो, परंतु केलेल्या कामाची आठवण सर्वांनाच असते. पेडणे तालुक्यात तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या काठी जी खाजन शेती आहे, तिला तर असल्या सहकार्यावाचून गत्यंतरच नाही. भरतीचे खारे पाणी बाहेर थोपविणारा मातीचा बांध आणि ओहोटीच्या वेळी आतले पाणी सोडून देणारी मानस, म्हणजे उघडझाप होणारे दार, या दोहोंवर त्या शेतीचे सारे जीवित अवलंबून असते. बांधाला भगदाड पडले म्हणजे पाणी एकाच्याच शेतात शिरून थांबत नाही. म्हणून भगदाड बुजविणे हे सर्वांचे काम ठरते.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लोक परस्परांना जे साहाय्य करतात, त्याचे स्वरूप या सावडीसारखेच आहे. ज्या महाजालावर आज बँकेचे व्यवहार होतात, वीजबिले भरली जातात आणि परीक्षांचे निकाल लागतात, त्याचा पाया घालण्यात या विनामूल्य साहाय्याचा वाटा फार मोठा आहे.

त्यासाठी प्रथम वेब सर्व्हर म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. सर्व्हर ही रात्रंदिवस कान देऊन बसलेली एक आज्ञावली होय. कोणी दूरवरून एखादे पान मागितले की ती ते पान फडताळातून काढून देते. परंतु कित्येकदा पान तयार नसते, ते त्या क्षणी रचावे लागते. वाचनालयाच्या यादीतून एका लेखकाची पुस्तके कोणी मागितली, तर ती शोधून त्यांची यादी मांडण्याचे काम सर्व्हर दुसऱ्या एका आज्ञावलीवर सोपवितो. या सोपविण्याचे जे ठरीव नियम आहेत, त्यांना सीजीआय असे नाव आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात असली कामे करण्यासाठी जी भाषा सर्वत्र वापरली जाई, ती पर्ल. लॅरी वॉल या गृहस्थांनी १८ डिसेंबर १९८७ रोजी ती प्रथम लोकांपुढे ठेवली. वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे. त्यामुळे मजकूर शोधणे, तोडणे, जोडणे यांत या भाषेचा हातखंडा असावा, हे स्वाभाविकच होते.

याच वॉल यांनी १९८५ मध्ये 'पॅच' नावाची एक छोटी आज्ञावली लिहिली होती. पॅच म्हणजे ठिगळ. एखाद्या मोठ्या आज्ञावलीत कोणी दुरुस्ती केली, तर संपूर्ण आज्ञावली पाठविण्याऐवजी तेवढी दुरुस्तीच पाठवावी आणि दुसऱ्याने ती आपल्या प्रतीत नेमकी जागच्या जागी बसवावी, अशी ही सोय. या साध्या सोयीने दूरदूरच्या लोकांना एकाच कामावर हात चालविता येऊ लागले.

तिचे मोठे फळ १९९५ मध्ये दिसले. त्या काळी लोकप्रिय असलेला वेब सर्व्हर अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एका केंद्रात तयार झालेला होता. त्याचे कर्ते रॉब मॅक्‌कूल १९९४ च्या मध्यास ते केंद्र सोडून गेले आणि सुधारणा खुंटल्या. ठिकठिकाणचे चालक आपापल्यापुरती ठिगळे लावून काम भागवीत होते. एकाने बुजविलेले भोक दुसऱ्याला ठाऊक नसे. अखेर फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांच्यापैकी आठ जणांनी टपालवजा संदेशांच्या साहाय्याने आपली ठिगळे एकत्र केली. एप्रिलमध्ये पहिली आवृत्ती बाहेर पडली, १ डिसेंबर १९९५ रोजी पक्की आवृत्ती आली आणि पुढे वर्षाच्या आत हा अपाचे सर्व्हर जगात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. पर्लच्या जगातही त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये सीपॅन नावाचे एक सार्वजनिक कोठार उघडले. कोणीही आपली उपयुक्त आज्ञावली तेथे ठेवावी आणि कोणीही ती घेऊन जावी, असा त्याचा रिवाज आहे.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. परंतु त्याच्याही आदल्या वर्षी परदेशात शिकणाऱ्या एका गोमंतकीय विद्यार्थ्याने गोवानेट ही संदेशमाला सुरू केली होती आणि जगभर विखुरलेले गोवेकर तिच्यावर एकमेकांशी बोलू लागले होते. दूरच्या माणसाने दूरच्याच माणसाला उत्तर द्यावे आणि ते सर्वांनी वाचावे, ही रीत गोव्याला अशी फार लवकर परिचयाची झाली.

प्रश्न विचारणे ही कला आहे, तिचे एक उदाहरण घेऊ. डिचोलीतील एखाद्या तरुणाने गावच्या वाचनालयासाठी पर्लमध्ये ग्रंथयादी केली असे समजा. घरी ती चालते, सर्व्हरवर ठेवली की 'पाचशे क्रमांकाची चूक' एवढेच उत्तर येते. 'माझी आज्ञावली चालत नाही, मदत करा' असे त्याने लिहिले, तर त्याला उत्तर देणे कोणालाही शक्य नाही. ताप आला आहे, एवढ्याच सांगण्यावरून वैद्यानेही औषध देऊ नये. सर्व्हर आपल्या चुकांची एक नोंदवही ठेवीत असतो. त्या नोंदवहीतील शेवटची ओळ वाचून, आज्ञावलीचा नेमका भाग दाखवून, आपण कोणकोणते उपाय करून पाहिले ते सांगून प्रश्न विचारला, तर निम्मे काम तेथेच होते.

असल्या चुकीची कारणे बहुधा चारच निघतात. ती फाइल चालविण्याची परवानगी सर्व्हरला दिलेली नसते. किंवा पर्ल कोठे आहे हे सांगणारी पहिली ओळ चुकलेली असते. किंवा आज्ञावली विंडोजवर लिहिल्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारे एक जादा चिन्ह राहिलेले असते आणि लिनक्सच्या सर्व्हरला त्या पहिल्या ओळीचा अर्थच लागत नाही. किंवा पानाच्या प्रकाराची सूचना दिल्यावर एक ओळ कोरी सोडावी लागते, ती सोडलेली नसते. यांपैकी प्रत्येक चूक हजारोंनी केली आहे. त्यांतील काहींनी ती चारचौघांत मान्य केली आणि कोणी तरी उत्तर लिहून ठेवले, म्हणून आज नवख्याचा अर्धा दिवस वाचतो. १९९९ पासून पर्लमंक्स या स्थळावर असल्या शंकासमाधानाचा मोठा साठा झाला आहे.

येथवर प्रश्नकर्ता घेणारा आणि उत्तर देणारा दाता, असेच चित्र दिसते. ते अपुरे आहे. काही प्रश्न असे असतात की ते पेडण्याहून किंवा डिचोलीहूनच यावे लागतात.

'पेडणे' हा शब्द पाहा. वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्यात तीन अक्षरे आहेत. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात मात्र प, एकाराची मात्रा, ड, ण आणि पुन्हा एकाराची मात्रा अशी पाच चिन्हे होतात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने साठविताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. 'डिचोली'तही अक्षरे तीनच, परंतु चिन्हे सहा आणि बाइट अठरा. आता पर्लला मजकुराचा संकेत सांगितला नाही, तर ती बाइटच मोजते. तिला 'डिचोली' या शब्दाचे पहिले दहा घटक मागितले, तर 'डिच' एवढे हाती लागते आणि त्यापुढे ओकाराचा एक तृतीयांश तुकडा, म्हणजे कचरा. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट. त्यामुळे केवळ इंग्रजी मजकूर हाताळणाऱ्याला ही अडचण कधी स्वप्नातही पडत नाही.

तिचा उपाय ठाऊक झाला म्हणजे सोपा आहे. मजकूर आत घेताना त्याचा संकेत उलगडावा, बाहेर देताना पुन्हा बांधावा, आणि पान यूटीएफ-८ मध्ये आहे असे वाचकाच्या संगणकाला स्पष्ट सांगावे. २००२ मधील पर्लच्या ५.८ या आवृत्तीपासून ही सोय चांगली भरवशाची झाली. मनुष्याच्या डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजण्याची खूणही पर्लमध्ये आहे. ती वापरली की 'डिचोली'ची अक्षरे तीनच भरतात. परंतु हा उपाय उदाहरणासह उघड्यावर लिहिलेला असेल, तरच तो सापडतो. गोव्यात मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. हिंदी आणि नेपाळीचीही लिपी तीच. डिचोलीच्या एका वाचनालयाची अडचण नीट मांडली गेली, तर तिचे उत्तर काठमांडूलाही उपयोगी पडते. असा प्रश्न विचारणारा स्वतःच दाता होतो.

या गोष्टीला पोटापाण्याचीही बाजू आहे. २०११ च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या ७५,७४७ आणि डिचोलीची ९७,९५५ होती. डिचोलीचा बराच संसार लोहखनिजावर चालत असे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे अंशतः सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या, तेव्हा एकाच धंद्यावर विसंबण्यातील धोका घराघराला कळला. शाळांतून संगणकाच्या आज्ञा लिहिण्यास शिकविण्याची योजना गोव्यात २०२१ मध्ये सुरू झाली. परंतु शाळा सुटल्यावर अडलेल्या मुलाने कोणाकडे जावे? शहरातल्या कचेरीत शेजारच्या टेबलावर एखादा जाणता सहकारी असतो. खेड्यातल्या एकट्या शिकाऊ माणसाला उघड्यावर लिहून ठेवलेली प्रश्नोत्तरे हाच तो सहकारी.

आज काळ पालटला आहे. नवी स्थळे उभारण्यासाठी पर्लचा उपयोग पूर्वीइतका होत नाही आणि अपाचेलाही तुल्यबळ प्रतिस्पर्धी निर्माण झाले आहेत. याहून मोठा पालट प्रश्न विचारण्याच्या रीतीत झाला आहे. २००८ मध्ये निघालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रसिद्ध स्थळावर येणारे प्रश्न २०२२ च्या अखेरीपासून, उत्तरे देणारी यंत्रे घरोघर पोहोचल्यावर, झपाट्याने घटले. यंत्र तत्काळ उत्तर देते, कंटाळत नाही आणि नवख्याला हसत नाही, हा त्याचा गुण नाकारता येणार नाही. परंतु ही यंत्रे शिकली ती माणसांनी उघड्यावर लिहिलेल्या मजकुरावरच. प्रत्येकाने आपली अडचण यंत्राच्या कानात सांगितली आणि उत्तर आपल्यापाशीच ठेवले, तर सार्वजनिक साठ्यात नवी भर पडावी कशी? देवनागरीच्या बाबतीत तर तो साठा मुळातच तोकडा आहे.

म्हणून या मुलखातला एक जुना शिरस्ता आजही पाळण्याजोगा आहे. उत्तर कोठूनही मिळो, ते पडताळून पाहावे आणि काम फत्ते झाल्यावर दोन ओळी सर्वांना दिसतील अशा जागी लिहून ठेवाव्यात. अडचण काय होती, कारण काय निघाले, उपाय कोणता लागू पडला, एवढे पुरे. त्या मराठीत असल्या तर अधिकच उत्तम, कारण पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या पुढच्या विद्यार्थ्याला त्या आपल्या भाषेत सापडतील. सावडीत जो फक्त आपले शेत उरकून घेतो आणि दुसऱ्याच्या शेतात उतरत नाही, त्याच्याकडे पुढल्या पावसाळ्यात कोणी येत नाही.