हातांना आठवलेले नृत्य

स्पेन देशातील एका वृद्धाश्रमात सन २०१९ मध्ये मार्ता गोन्झालेस नावाच्या एक वृद्ध बाई चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. तारुण्यात त्या बॅले हे पाश्चात्त्य नृत्य करीत असत; परंतु स्मृतिभ्रंशाच्या विकाराने त्यांच्या आठवणी हिरावून नेल्या होत्या. ‘मुसिका पारा देस्पेर्तार’, म्हणजे ‘जागे करण्यासाठी संगीत’, या संस्थेच्या लोकांनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढविला आणि चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराच्या ‘स्वान लेक’ या नृत्यनाट्याचे सूर सुरू केले. थोड्याच वेळात त्यांचे हात उचलले गेले. मनगटे वळली, बाहू पंखांसारखे पसरले, मुद्रा पालटली. पाय खुर्चीत जखडलेले; पण कमरेवरचा सारा देह नाचू लागला!

हे कसे घडले? स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणीचा साधा विसराळूपणा नव्हे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे निराळे, आणि चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे निराळे. या विकाराचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमर हा रोग. आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली त्याची माहिती प्रथम मांडली. या रोगात मेंदूत काही प्रथिने साचतात व पेशी मरू लागतात. नव्या आठवणी साठविणारा भाग बहुधा आधी दुखावतो. म्हणून सकाळी काय खाल्ले ते सायंकाळी आठवत नाही. पोहणे, सायकल चालविणे, नाचणे या सरावाच्या हालचालींची स्मृती मात्र मेंदूच्या दुसऱ्या भागांत वसते. ते भाग पुष्कळ काळ शाबूत राहतात. संगीताची ओळखही अशीच चिवट असते.

नृत्याने हा रोग बरा होत नाही. परंतु नातवाचे नाव विसरलेल्या आजोबांना आता काहीच कळत नाही, असे समजून घरातील माणसे त्यांच्यादेखतच त्यांच्याविषयी बोलतात. ही समजूत किती चुकीची आहे, ते मार्ताबाईंच्या हातांनी दाखविले. त्यांच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबर २०२० मध्ये, ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. तीत मधूनमधून दिसणारी तरुण नर्तकी मार्ताबाई नव्हेत, दुसरीच कोणी आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी आले नाही. वास्तविक त्या जोडकामाची गरजच नव्हती.

काय उरते ते या नृत्यातून कळले. काय हरवत जाते, हे त्यापूर्वीच एका चित्रकाराने दाखविले होते. लंडन येथे राहणारे विल्यम उटरमोलेन हे मूळचे अमेरिकन चित्रकार. १९९५ साली त्यांना अल्झायमरचा रोग जडल्याचे निदान झाले. त्यानंतरही काही वर्षे ते स्वतःचाच चेहरा चितारीत राहिले. आरंभीच्या चित्रांत चेहरा ओळखू येतो. पुढे नाक, डोळे जागचे सरकतात, रंग विस्कटतात. डॉक्टरांनी या चित्रांचा अभ्यास केला. प्रदर्शनांतून सामान्य लोकांनीही ती पाहिली. अखेरच्या चित्रांत तर पेन्सिलीने काढलेला केवळ डोक्याचा आकार उरतो. डोळे कोठे, तोंड कोठे, हे शोधावे लागते. उटरमोलेन २००७ साली वारले.