कैरोतला एक अर्ज

1949 साली कैरो विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आयशा रातेब यांनी ‘मजलिस अल-दौला’त नेमणुकीसाठी अर्ज केला. सरकारी निर्णयांविरुद्धचे खटले चालवणारी ही इजिप्तची न्यायसंस्था. बाई म्हणून अर्ज फेटाळला गेला, तेव्हा रातेब यांनी दाद मागितली तीही तिथंच. इजिप्तची दिवाणी संहिता रचणारे सन्हुरी त्या वेळी संस्थेचे अध्यक्ष होते. 1952च्या निकालाचा आशय असा: बाईनं न्यायाधीश व्हायला ना शरियतची आडकाठी, ना घटनेची, पण काळ आणि रूढी पाहून काय ते सरकारनं ठरवावं. इस्लामी कायद्याच्या हनफी पंथानं काही खटल्यांपुरती आणि मध्ययुगीन धर्मशास्त्री तबरींनी सर्वच बाबतींत स्त्रीला न्यायदानाची मुभा शतकांपूर्वीच दिली होती. अडवणूक चालीरीतीची होती, आणि तिच्यावर कायदेपंडितांनीच मोहोर उमटवली.

रातेब पुढं मंत्री झाल्या, राजदूत झाल्या. न्यायाधीश मात्र नाही.

शेजारच्या सुदानमध्ये साठच्या दशकातच स्त्रिया न्यायासनावर बसल्या. इजिप्तमध्ये त्यासाठी 2003 उजाडावं लागलं. तहानी अल-गेबाली थेट सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या, त्याही राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्या हुकमानं. वरून मिळालेलं वरूनच जातं: 2012च्या घटनेनं त्या न्यायालयातली पदं कमी केली आणि तेव्हा सत्तेत असलेल्या मुस्लिम ब्रदरहूडवर सडकून टीका करणाऱ्या गेबाली बाहेर पडल्या.

दरम्यान 2007मध्ये तीसेक स्त्रिया सर्वसाधारण न्यायालयांत नेमल्या गेल्या होत्या. ‘मजलिस’ मात्र हलेना. 2010मध्ये तिथल्या न्यायाधीशांच्या सभेत स्त्रियांच्या नेमणुकीविरुद्ध 334 मतं पडली, बाजूनं 42. हे मतदान मौलवींचं नव्हतं. सगळे कायदा शिकलेले पुरुष होते. इस्लामी धर्मपीठ अल-अझहरचे प्रमुख शेख तंतावी यांनीही धर्माचा अडसर नसल्याचं सांगितलं होतं. मग उरतं काय? घर-संसार, बाळंतपण, लांबच्या बदल्या. कोणत्याही कचेरीत ऐकू यावीत अशी कारणं.

2014च्या घटनेनं न्यायसंस्थांतल्या नेमणुकांत स्त्री-पुरुष भेद करायला मनाई केली. तरी ऑक्टोबर 2021पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा 98 जणींनी ‘मजलिस’मध्ये शपथ घेतली आणि 5 मार्च 2022 रोजी रदवा हेल्मी तिथल्या न्यायासनावर बसल्या. रातेब 2013मध्ये गेल्या होत्या. गेबाली दोनच महिन्यांपूर्वी.

पण त्या 98 जणी इतर सरकारी विधी खात्यांतून बदलून आलेल्या, अनुभवी अधिकारी होत्या. रातेब यांनी मागितली होती ती नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीला मिळणारी पहिली पायरी.