गांजा आणि कोवळा मेंदू

शिकवणी आणि कॉलेजसाठी खेड्यापाड्यांतून अमरावती-अकोल्यात येणारी मुलं ज्या वयाची असतात, त्याच वयात मेंदूची जडणघडण सुरू असते. संयम आणि निर्णय सांभाळणारा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं रसायन मेंदूच्या स्वतःच्या संदेशयंत्रणेतच ढवळाढवळ करतं, म्हणून या वयात धोका अधिक. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या सुमारे ४५ हजार तरुणांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. भरतीपूर्वी ५० हून अधिक वेळा गांजा-चरस ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. आधीच अस्वस्थ असलेली मुलं नशेकडे वळतात, हा आक्षेप रास्तच आहे. तसे घटक हिशेबात घेतल्यावर धोका बराच उतरला, पण संपला नाही. ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही, हेही खरं. मात्र घराण्यात मानसिक आजार असेल तर जोखीम वाढते, आणि आपला नंबर लागणार की नाही हे आधी कुणालाच कळत नाही.

महाशिवरात्रीला भांग चालते, मग गांजाचं एवढं काय, असंही विचारतात. भांग पानांची असते; १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजाच्या व्याख्येतून पानं वगळली, फुलोरा नाही. टीएचसी फुलोऱ्यातच जास्त असतं. मूल एकलकोंडं झालं, विनाकारण संशय घेऊ लागलं, नसलेले आवाज ऐकू लागलं, तर मारहाण नको, अंगारेधुपारेही नकोत. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आजच बोला.