मोरासाठी घर आणि जाळीचा हिशेब

पौषातील त्या पहाटे पांजरपोळाच्या राखणदाराचा फोन आला. "साहेब, लांडोर गेली," एवढेच तो म्हणाला. जाऊन पाहिले, तर जाळी कोठेही फाटलेली नव्हती आणि दाराचे कुलूप जसेच्या तसे होते. जाळीला लागून झोपलेल्या त्या जखमी पक्ष्याची मान रानमांजराने दोन इंची छिद्रातून पंजा घालून धरली होती. ती जाळी अंदाजपत्रकात मीच सुचवली होती. बँकेतील चौतीस वर्षांत कमी दराची निविदा निवडण्याची जी सवय जडली, तिचा असा जमाखर्च मांडावा लागेल असे वाटले नव्हते.

वनरक्षकांनी रीतसर पंचनामा केला. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. बंगल्याच्या आवारात शोभेसाठी मोर पाळता येत नाही. अशा गुन्ह्याला किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. जखमी मोर सापडून आपल्या ताब्यात आला, तर त्याची खबर अठ्ठेचाळीस तासांच्या आत द्यावी लागते. महाराष्ट्रात वनविभागाचा 1926 हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी उपयोगी पडतो. आमच्या पांजरपोळाने वनाधिकाऱ्यांची लेखी अनुमती घेतली होती. पतंगाच्या मांजाने पंख कापलेले, विहिरीत पडलेले, कुत्र्यांनी धरलेले मोर बरे होईपर्यंत सांभाळायचे आणि मग वनविभागाच्या हाती द्यायचे, एवढाच आमचा अधिकार.

लांडोर गेल्यावर विश्वस्तांची बैठक झाली. रानमांजराला पिंजरा लावून दूर सोडावे, असे एकाने सुचवले. परंतु रानमांजरही कायद्याने संरक्षित आहे, आणि त्याचा आहार हा काही त्याचा अपराध नव्हे. विषाचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हा मोर आत सुखरूप राहावा आणि बाहेरच्या जिवालाही इजा होऊ नये, असे घर बांधणे एवढा एकच मार्ग उरला. या वेळी पशुवैद्यांना आधी विचारले, अंदाजपत्रक नंतर केले.

पहिला धडा जाळीचाच होता. बाजारातील षटकोनी छिद्रांची कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवण्यापुरती असते. बाहेरच्याला रोखण्याचे बळ तिच्या तारेत नसते. आम्ही अर्धा इंच छिद्राची, जस्त चढवलेली, जाड तारेची वेल्डमेश घेतली. एवढ्या छिद्रातून मांजराचा पंजा जात नाही, मुंगसाचे तोंड शिरत नाही आणि बहुतेक उंदीरही अडतात. जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाने बसवली, म्हणजे बाहेरून धक्का बसला तरी ती खांबावरच टेकते.

खालच्या बाजूचे संकट वेगळे असते. कोल्हे व कुत्री जाळीच्या पायथ्याशी उकरतात. त्यासाठी जाळी जमिनीत सरळ खोल न गाडता इंग्रजी 'एल' अक्षराप्रमाणे बाहेर वळवून दोन फूट आडवी पसरली आणि तिच्यावर मुरूम व दगड टाकले. उकरणारा प्राणी भिंतीला खेटूनच उकरतो. पायाखाली जाळी लागली की मागे सरकून सुरुवात करावी, हे त्याला सुचत नाही. जोत्यावर तीन फूट विटांची भिंत घातली. त्यामागचे कारण मला आधी ठाऊक नव्हते. बाहेर कुत्री नुसती फिरली तरी मोर बिथरतो आणि जाळीवर आदळून स्वतःलाच जखमा करून घेतो. त्याला ती दिसलीच नाहीत, तर अर्धे भय टळते.

छताबाबत बरीच चर्चा झाली. मोर घाबरला की झेप सरळ वर घेतो, त्यामुळे ताठ तारेचे छत त्याचे डोके फोडते. आणि नुसती नायलॉनची जाळी मांजर फाडते. म्हणून वर वेल्डमेश आणि तिच्याखाली हातभर अंतरावर सैल नायलॉन जाळी, असे दुहेरी छत केले. छतावर झुकलेल्या कडुलिंबाच्या दोन फांद्याही छाटल्या.

मोराचा पिसारा सुमारे पाच फूट लांब असतो, आणि रात्री उंचावर बसणे हा त्याचा स्वभाव. दांडी जमिनीपासून सहा फुटांवर, चार इंच रुंद लाकडाची आणि जाळीपासून तीन फूट आत ठेवली. हे तीन फूट त्या लांडोरीला मिळाले असते तर ती वाचली असती. पंख जायबंदी असलेल्यांसाठी कमी उंचीची दुसरी दांडी आणि चढायला उतरती फळी केली. मागे पक्क्या भिंतींची खोली आहे. दिवेलागणीला सर्व पक्षी तिच्यात घेतले जातात.

दार मात्र माझ्या आवडीचा विषय! बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या आणि दोन अधिकारी असतात. येथेही दोन दारे आहेत. पहिले लावल्यावाचून दुसरे उघडायचे नाही. राखणदार आधी हसला, पण एकदा एक मोर त्या मधल्या जागेतच अडकून परत आत गेला, तेव्हापासून तो नियम न चुकता पाळतो.

दाण्यासंबंधी थोडेसे. सांडलेल्या दाण्यामागे उंदीर येतात आणि उंदरामागे साप. म्हणून संध्याकाळी परळ उचलतात व धान्य पत्र्याच्या पिंपात ठेवतात. सोडवून आणलेल्या कोंबड्यांची जागा पूर्णपणे वेगळी केली, कारण कोंबडीच्या आतड्यातील कृमींमार्फत मोराला यकृताचा घातक रोग जडतो. मोर किडे व सरडेही खातो, ही गोष्ट आमच्या काही भाविक भगिनींना अवघड वाटली. पिंजऱ्यात आम्ही धान्य, भिजवलेली कडधान्ये आणि पालेभाजी ठेवतो. मातीत तो आपल्या चोचीने काय टिपतो, याची चौकशी कोणी करत नाही.

खर्च पहिल्या अंदाजाच्या तिपटीहून अधिक झाला. वार्षिक सभेत मी तो वाचून दाखवला, आणि आधीची जाळी कोणी सुचवली होती हेही सांगितले. कोणी काही बोलले नाही. एका वृद्ध व्यापारी बंधूंनी मात्र उठून उरलेली रक्कम आपल्या नावे लिहून घेण्यास सांगितले.

त्यानंतर आलेला पहिला मोर विहिरीतून काढलेला होता. श्रावणानंतर त्याचा पिसारा गळाला, मार्गशीर्षापर्यंत नवा बराच वाढला, आणि वनरक्षक त्याला माळाकडे सोडण्यासाठी घेऊन गेले. आजही सकाळी गेलो की मुरमावर रानमांजराची पावले दिसतात. ते जोत्याच्या कडेने एक फेरी मारते आणि ओढ्याकडे निघून जाते.