परसांतील निराळ्या कोंबड्या व टर्कीचीं पिलें

परसांत दहा-बारा गांवठी कोंबड्या बाळगणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या खुराड्यांत एखादी निराळी जात असावी असें वाटणें साहजिक आहे. कडकनाथ, उघड्या मानेची किंवा उलट्या पिसांची कोंबडी आणि जोडीला टर्कीचीं चार-सहा पिलें, असा संच करण्याचा मोह अनेकांस होतो. यांपैकीं कोंबड्यांच्या जाती एकत्र नांदतात. टर्कीची गोष्ट मात्र वेगळी आहे.

कडकनाथ ही मध्य प्रदेशांतील झाबुआ व धार भागांतील जात. झाबुआच्या या मांसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हिची कातडी, मांस व हाडें काळीं असतात. अंडें मात्र फिकट तपकिरी असतें. काळ्या अंड्यांच्या नांवावर चढा भाव मागणाऱ्यापासून सावध राहावें. ही क्वचितच खुडूक बसते. म्हणून तिचीं अंडीं गांवठी कोंबडीखालीं ठेवावीं.

कोठूनहि आणलेला पक्षी प्रथम तीन-चार आठवडे दूर ठेवावा. पंखांखालीं उवा आहेत कीं काय तें पाहावें, रानीखेत रोगाची लस टोचली आहे कीं नाहीं याची खात्री करावी, आणि रोज घरच्या कोंबड्यांचें काम उरकल्यावरच नव्यांकडे जावें.

टर्कीच्या पिलांचा खरा शत्रु ‘काळें डोकें’ हा रोग होय. हिस्टोमोनास नांवाचा सूक्ष्म जंतु कोंबडीच्या आंतड्यांतील बारीक कृमींच्या अंड्यांत आश्रय घेतो. तीं अंडीं विष्ठेबरोबर मातींत पडून तेथें कांहीं वर्षें टिकतात व गांडुळांच्या पोटांतहि राहतात. कोंबडी सहसा आजारी दिसत नाहीं. टर्कीच्या पोटांत तीं गेलीं म्हणजे मात्र आंतडें व यकृत नासतें. पिलू मलूल होतें, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते, आणि बहुतेक पिलें दगावूं शकतात. डोकें काळें पडतेंच असें नाहीं. औषधाचा भरंवसा धरूं नये. अमेरिकेंत यासाठीं वापरलें जाणारें नायटारसोनहि २०१५ सालीं बंद झालें.

म्हणून जेथें गेल्या कांहीं वर्षांत कोंबड्या वावरल्या, तेथें टर्की सोडूं नये. गांवठी कोंबडी टर्कीचीं अंडीं उबवते खरी, परंतु तिच्या मागें तीं पिलें परसांत फिरूं देणें म्हणजे त्यांस रोगाच्या स्वाधीन करणें होय.

टर्कीचें पिलू दाणा-पाणी लवकर ओळखत नाहीं व भरल्या भांड्याशेजारीं उपाशी मरतें. यावर उपाय सोपा आहे. टर्कीचें अंडें २८ व कोंबडीचें २१ दिवसांत फुटतें. तेव्हां उबवणी यंत्रांत टर्कीचीं अंडीं ठेवल्यावर सात दिवसांनीं कोंबडीचीं चार अंडीं घालावीं. पिलें एकाच सुमारास निघतील व कोंबडीच्या पिलांचें पाहून टर्कीचीं पिलें चोंच मारूं लागतील. नव्या, स्वच्छ भुशावरील या सोबत्यांस जमिनीचा संसर्ग झालेला नसतो. तरी काम होतांच त्यांस वेगळें काढावें. पहिल्या आठवड्यांत ऊब ३५ अंश सेल्सिअस ठेवून पुढें दर आठवड्यास सुमारें ३ अंश उतरवावी. खाद्यांत शेंकडा २८ भाग प्रथिनें असावीं. कोंबडीच्या पिलांचें खाद्य त्यांस अपुरें पडतें.

ज्याच्याजवळ एकच परस आहे त्यानें कडकनाथ आणावी व टर्कीचा विचार सोडावा. कोंबडीचा पाय न लागलेला जमिनीचा तुकडा ज्याच्याजवळ आहे, आणि तेथील कामासाठीं वेगळें पायताण व वेगळीं भांडीं ठेवण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेंच टर्की पाळावी.