औषधनिर्मात्याचे निरंतर शिक्षण

झाशीच्या लक्ष्मी तालाकाठी गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे. मराठी पर्यटक ती आवर्जून पाहतो. याच शहरात बुंदेलखंड विद्यापीठाची औषधनिर्माणशास्त्र संस्था आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. उत्तर प्रदेशात या विद्येची परंपरा जुनी आहे. बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ मध्ये प्रा. महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने या विषयाचे शिक्षण सुरू झाले. आज अशा संस्था देशभर विपुल आहेत. प्रश्न उरतो तो शिक्षणानंतरच्या तीस-चाळीस वर्षांच्या व्यवसायाचा.

तालाच्या परिसरातील एखाद्या क्षयरुग्णाचे उदाहरण घेऊ. रिफाम्पिसिन सुरू होताच लघवी नारिंगी होते. हा औषधाचा निरुपद्रवी परिणाम आहे, हे कोणी न सांगितल्यास रुग्ण घाबरून गोळ्या सोडतो आणि अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारा क्षय बळावू शकतो. हेच औषध गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभावही कमी करते. औषध हाती देताना उच्चारलेली दोन वाक्ये येथे निर्णायक ठरतात आणि ती सांगण्याची अखेरची संधी औषधनिर्मात्याकडे असते.

१९९१ च्या शिक्षण नियमांनी पदविकेसाठी ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण ठरविले व त्यांपैकी किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीनुसार औषधे देण्यासाठी राखले. परंतु ज्ञान जुने होते. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू झाली. तीत क्षयाची औषधे व अनेक प्रभावी प्रतिजैविके आली आणि त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपणे बंधनकारक झाले. त्याआधी शिकलेल्यांना हे वर्गात कळणे शक्यच नव्हते.

म्हणूनच २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत किमान एक दिवसाचे दोन उजळणी वर्ग आवश्यक केले. पाच वर्षांत दोन दिवस! तेही व्याख्यान ऐकून प्रमाणपत्र घेण्यात सरले, तर हाती काय लागणार? वर्गात खऱ्या चिठ्ठ्या वाचाव्यात, इन्हेलर वापरून दाखवावा, इन्शुलिन २ ते ८ अंशांत का ठेवायचे याची चर्चा व्हावी. एकट्याने दुकान चालविणाऱ्यास दिवसभर कुलूप लावणे परवडत नाही. त्याच्यासाठी सायंकाळचे, तालुक्याच्या ठिकाणचे छोटे वर्ग अधिक सोयीचे ठरतील. अर्थात जेथे नोंदणी एकाची आणि गल्ल्यावर दुसराच, तेथे कोणताही वर्ग निष्फळ आहे. तेथे औषध निरीक्षकानेच जायला हवे.