मणके जोडायचे, तर हाड कुठून आणायचं?

मणका सरकला, नस दाबली गेली आणि औषधं-व्यायामानं भागलं नाही, तर काही रुग्णांना कंबरेचे मणके जोडण्याची, म्हणजे फ्युजनची शस्त्रक्रिया सुचवली जाते. घरचे चौकशी करतात ती स्क्रूंची: टायटॅनियमचे का, कुठल्या कंपनीचे, कितीला पडतील? मणक्यांमध्ये जे हाड भरायचं, त्याची चौकशी क्वचितच होते.

गैरसमज : मणके स्क्रू आणि सळ्यांनी जोडले जातात.
वस्तुस्थिती : स्लॅब पक्का होईपर्यंत सेंटरिंग लागतं, तेवढंच काम स्क्रूंचं. खरा जोड होतो तो दोन मणक्यांमध्ये नवं हाड वाढल्यावर. ते वाढलंच नाही, तर रोजच्या हालचालींचा ताण धातूवर येत राहतो. कालांतराने स्क्रू ढिले होऊ शकतात, सळी मोडू शकते.

गैरसमज : ऑपरेशनमध्ये काढलेलं हाड खराबच असणार.
वस्तुस्थिती : नस मोकळी करताना मणक्याच्या मागच्या कमानीचा आणि लगतच्या सांध्याचा काही भाग काढावा लागतो. ते हाड अडचणीच्या जागी होतं, एवढाच त्याचा दोष. त्यात हाड घडवणाऱ्या जिवंत पेशी असतात, वाढीला चालना देणारी प्रथिनं असतात आणि नव्या हाडाला धरून वाढायला चौकटही असते. सर्जन त्यावरचं मांस आणि कूर्चा काढून बारीक तुकडे करतात आणि ते जोडाच्या जागी भरतात. रुग्णाचंच हाड असल्यानं शरीर ते नाकारत नाही. मात्र मणक्यात जंतुसंसर्ग किंवा कर्करोगाची गाठ असेल, तर तिथलं हाड पुन्हा वापरत नाहीत.

गैरसमज : कंबरेच्या बाजूच्या हाडातून काढलेला तुकडाच खरा, ऑपरेशनच्या जागेवरचं हाड ही हल्लीची तडजोड.
वस्तुस्थिती : १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन सर्जननी मणके जोडण्याच्या पद्धती स्वतंत्रपणे मांडल्या. फ्रेड अल्बी यांनी नडगीचं हाड वापरलं, तर रसेल हिब्ज यांनी मणक्यांचंच. पुढे कंबरेच्या हाडाचा तुकडा प्रमाण मानला गेला आणि आजही त्याच्याशीच तुलना होते. पण तो काढायचा म्हणजे आणखी एका हाडाला इजा. काहींना पाठीपेक्षा तिथलंच दुखणं जास्त दिवस छळतं. दोनच मणके जोडायचे असतील, तर जागेवरच्या हाडानंही जवळपास तितकाच चांगला जोड होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

गैरसमज : मग जागेवरचं हाड सगळ्यांनाच पुरेल.
वस्तुस्थिती : इथे अडचण दर्जाची नसते, प्रमाणाची असते. तीन-चार मणके जोडायचे असतील, शस्त्रक्रिया लहान छेदातून होणार असेल किंवा आधीच्या ऑपरेशनमध्ये कमान काढून झाली असेल, तर मिळणारं हाड कमी पडू शकतं. मग कंबरेचं हाड, बोन बँकेतलं हाड किंवा कृत्रिम पर्याय जोडीला घ्यावे लागतात.

गैरसमज : महागडं कृत्रिम हाड केव्हाही सरस.
वस्तुस्थिती : कॅल्शियमयुक्त सिरॅमिकचे दाणे फक्त चौकट पुरवतात, त्यांत जिवंत पेशी नसतात. म्हणूनच ते बहुधा रुग्णाच्या हाडात भर म्हणून मिसळतात. हाडाची वाढ घडवणारं प्रयोगशाळेतलं प्रथिन प्रभावी आहे. पण सूज येणं, नको तिथे हाड वाढणं असे धोकेही त्याच्यासोबत येतात.

गैरसमज : टाके निघाले, म्हणजे मणके जुळले.
वस्तुस्थिती : जखम दोन-तीन आठवड्यांत भरते, हाड जुळायला सहा महिने ते वर्षही लागतं. एक्स-रेवर शंका राहिली, तर सीटी स्कॅननं जास्त नेमकं कळतं. या काळात तंबाखू हा मोठा शत्रू. निकोटिनमुळे रक्तपुरवठा घटतो आणि हाडाची वाढ मंदावते. ‘सिगारेट ओढत नाही, नुसती मिश्री लावते’ ही सबब इथे चालत नाही, कारण मिश्रीतही निकोटिन असतंच. वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नयेत; त्यांतल्या काही हाडाच्या वाढीत अडथळा आणू शकतात.

तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनना तीन प्रश्न जरूर विचारावेत: किती मणके जोडणार, त्यासाठी हाड कुठून घेणार आणि ते कमी पडलं तर काय वापरणार?